पहिली बाटली कोणती

पनवेल, ९ फेब्रुवारी १९५८

प्रिय अमजद,

भगवान उद्या दुकानाचा माल आणायला मुंबईला निघाला आहे. त्याच्या पिशवीत हे पत्र आणि दोन बाटल्या ठेवतो आहे. बाटल्यांत पाणी आहे. हसू नकोस, आधी पुरतं वाच.

शाळेच्या विज्ञानखोलीत मी माशांची टाकी बसवली आहे. लोखंडी सांगाडा, चारी बाजूंनी काच, फटींत काच बसवायची लांबी भरलेली, तळाला धुतलेली रेती आणि खडी. पाणी तुमच्याच विहिरीचं घातलं, कारण आपल्या आळीत त्याच्याइतकं गोड पाणी दुसरं नाही. चार दिवस टाकी गळत नाही ना ते पाहिलं आणि क्रॉफर्ड मार्केटातून आणलेले बारा सोनेरी मासे सोडले. मुलं मधल्या सुट्टीत डबे घेऊन टाकीसमोरच बसायला लागली. मलाही वर्गात शिकवताना मान तिकडे वळवायचा मोह होई.

आठव्या दिवशी एक मासा मेला. दहाव्या दिवशी तीन. उरलेले पाण्यावर तोंड काढून धापा टाकतात. पाणी मात्र इतकं नितळ आहे की खडीचा खडा न् खडा मोजावा. हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही कळंबोलीचे. जन्म खाडीवर गेला, आणि बारा मासे जगवता येत नाहीत?" मी काय सांगणार? मी मासे धरले होते, पाळले कधीच नव्हते.

तुझ्या प्रयोगशाळेत दिवसभर पाणीच तपासतात ना? मग एवढं माझ्यासाठी बघ. तुलना करता यावी म्हणून दोन्ही पाणी पाठवतो आहे. बाटल्यांवर डिंकाने आकड्याच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत. एक म्हणजे विहीर, दोन म्हणजे टाकी.

तुझ्या घरी नूरखाला आणि फहमिदा मजेत आहेत. आमच्या घरी भामा तुला विचारते.

तुझा,
महादेव


मुंबई, १६ फेब्रुवारी १९५८

प्रिय महादेव,

भगवानने पिशवी पोचवली. एका बाटलीचं बूच सैल होतं. तुझ्या पत्राचं पहिलं पान वाचता आलं, दुसऱ्यावर नुसती निळी शाई पसरली आहे. चिठ्ठ्या सुटून पिशवीच्या तळाशी गोळा झाल्या होत्या. असो, काम अडलं नाही.

तर निकाल. पहिल्या बाटलीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि बघता बघता ते गुळाच्या पाण्यासारखं पिवळं झालं. हा अमोनिया. दहा लाख भाग पाण्यात चार भाग. दुसऱ्या बाटलीत रंगच आला नाही. नायट्राइट म्हणून दुसरी एक वस्तू असते, तिच्यासाठी वेगळं औषध टाकतात. पहिल्या बाटलीत किंचित गुलाबी छटा आली, दुसरीत काही नाही. तिसरी वस्तू नायट्रेट. पहिलीत नाही, दुसरीत आठ भाग. त्या आठाची काळजी करू नकोस.

काळजी पहिल्या बाटलीची. अमोनिया म्हणजे ताजी घाण, मलमूत्र, कुजणारं काहीतरी. पिण्याच्या पाण्यात एवढा सापडला तर आमचे साहेब पुढचं काही न बघता 'विहीर बंद' असं लिहून देतात. तेव्हा समजून घे. जिवांचा प्रश्न आहे, आज-उद्या करू नकोस. पाणी दिसायला नितळ आहे याच्यावर विसंबू नकोस.

घाईत आहे. अम्मीला सलाम सांग.

अमजद


पनवेल, २० फेब्रुवारी १९५८

प्रिय अमजद,

तुझं पत्र शाळेत मिळालं. तिथेच बाकावर बसून तीन वेळा वाचलं. हे लिहिताना तुला काय वाटलं असेल, त्याचा विचार डोक्यातून जात नाही. मी तुझ्या जागी असतो तर मला लिहवलं नसतं.

तू लिहिलंस तसं केलं. त्याच संध्याकाळी केलं. नूरखालांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मी स्वतः गेलो आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग काही बोलल्या नाहीत. मला चहा दिला आणि आत निघून गेल्या. बाकीचं सविस्तर लिहीत नाही, तुला उगाच त्रास.

मला एकच गोष्ट कळत नाही आणि ती कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मुळात पाणी दोन्हीकडे एकच. मग एका बाटलीत एवढं सगळं आणि दुसरीत काहीच नाही, हे कसं?

आता सहा मासे उरले आहेत.

महादेव


मुंबई, २५ फेब्रुवारी १९५८

प्रिय महादेव,

केलंस ते योग्य केलंस. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. अम्मी गप्प बसली तर बसू दे. तिला मुका जीव मेलेला बघवत नाही, तुला माहीत आहे. आमची शेळी मेली तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. विसरेल.

तुझा प्रश्न सोपा आहे. पाणी मुळात एक असलं तरी टाकीत राहिलं की ते बदलतं. पंधरा दिवसांत ते मूळचं पाणी उरतच नाही. यात गूढ काही नाही. सहा उरले तर सहांना जप. खायला कमी घाल.

इथे कामाचा डोंगर आहे. उन्हाळ्यात सगळ्या शहराला एकदम पाण्याची आठवण होते.

अमजद


पनवेल, ९ मार्च १९५८

भाईजान, सलाम.

अम्मीने लिहू नको म्हटलं आहे. तिला न सांगता लिहिते आहे.

आपल्या विहिरीवर फळ्या टाकल्याला आज सतरा दिवस झाले. महादेवभाई आणि आळीतला काशिराम यांनी मिळून टाकल्या. महादेवभाईंनी तुझं पत्र आणलं होतं. त्यांनी अम्मीसमोर वाचलं आणि मग आळीतल्या चार माणसांसमोर वाचलं. ते म्हणाले की पाण्यात घाण आहे आणि अमजदनेच मुंबईहून तपासून कळवलं आहे. तुझं नाव आल्यावर कोण काय बोलणार?

काशिरामच्या धाकट्या मुलीला त्याच आठवड्यात जुलाब होत होते. ती आता बरी आहे. पण तिची आई गुणाबाई नळाच्या रांगेत म्हणाली की यांना आधीपासून ठाऊक असणार, तरी पाणी भरू दिलं. मी पाठीमागेच उभी होते. तिने मला पाहिलं आणि मान फिरवली. ज्या बायका रोज सकाळी आपल्या अंगणात हंडे घेऊन यायच्या, त्या आता दारासमोरून तळ्यावर जातात. नळाला दोन दिवसांतून एकदा पाणी येतं, तेही तासभर.

अम्मी अजून आपल्याच विहिरीचं पिते. मागच्या बाजूची एक फळी सरकवते आणि लहान बादली सोडते. मी म्हटलं, "अम्मी, भाईजानने लिहिलंय ना?" तर म्हणाली, "त्याने मला नाय लिहिलं." दिवसभर तिच्या तोंडात एवढंच.

भाईजान, मलाही तेच विचारायचं आहे. तुला कळलं तेव्हा तू घरी का लिहिलं नाहीस? आधी आम्हाला सांगायचं होतंस. रमजान दोन आठवड्यांवर आला आहे. वजूला, इफ्तारला पाणी कुठून आणायचं तेवढं तरी कळव.

तुझी बहीण,
फहमिदा


मुंबई, १२ मार्च १९५८

महादेव,

फहमिदाचं पत्र आत्ता मिळालं. डोकं चालेनासं झालं आहे.

कुठली विहीर? मी टाकीबद्दल लिहिलं होतं. तुझ्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या, पत्राचं दुसरं पान गेलं होतं. एका बाटलीला माशांचा वास येत होता, म्हणून ती टाकीची हे मी धरून चाललो आणि तीच आधी तपासली. म्हणून ती पहिली. तू पहिली म्हणजे विहीर समजलास का? आणि 'तू लिहिलंस तसं केलं' म्हणजे तू फळ्या टाकल्यास? मला वाटलं, तू टाकीतलं पाणी उपसलंस आणि मेलेल्या माशांचं अम्मीला सांगितलंस. आणि मी तुला लिहिलं की अम्मी विसरेल. ते तू तिला वाचून दाखवलं नसशील तर बरं.

आजच फळ्या काढ.

हे लिहून झालं आणि हात थांबला. वासावरून ओळखलेली बाटली, तिच्यावर मी शपथ घेऊ शकत नाही. दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत, एकीचं पाणी दुसरीवर सांडलेलं. मीच उलटं धरलं असेल तर? आता मला माझीही खात्री राहिली नाही. म्हणून नव्या बाटल्या पाठव. चिठ्ठी नको. काचेवर रंगाने आख्खं नाव लिही, विहीर, टाकी. आकडा घालू नकोस. आणि लोक सध्या पितात त्या तळ्याचीही एक बाटली पाठव. तपासणी होईपर्यंत सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांग.

मला रजा मिळत नाही. अम्मीला वेगळं पत्र लिहितो आहे, पण काय लिहू ते सुचत नाही.

अमजद


पनवेल, १५ मार्च १९५८

प्रिय अमजद,

बाटल्या भगवानबरोबर पाठवल्या आहेत. तांबड्या रंगाने नावं लिहिली आहेत. बुचांवर मेण ओतलं आहे.

चिठ्ठ्या सुटल्याचं तू फेब्रुवारीच्या पत्रात लिहिलं होतंस. मी आज ते पत्र काढून पाहिलं. वाक्य तिथेच आहे. मी ते वाचलं होतं आणि ओलांडून पुढे गेलो होतो, कारण पुढे 'विहीर बंद' असे शब्द होते आणि डोळा तिथे जाऊन अडकला. मग जे काही वाचलं ते त्या शब्दांभोवतीच लावून घेतलं. विहिरीचं पाणी वाईट, म्हणून मासे मेले. काशिरामची मुलगी आजारी, तीही त्यामुळेच. टाकीतलं पाणी निर्दोष कसं, हे जुळेना, तर तुझं उत्तर आलं की टाकीत राहून पाणी बदलतं. मला वाटलं, टाकी पाणी शुद्ध करते. मी हे वर्गात मुलांना शिकवलंसुद्धा.

तुझं पत्र घेऊन नूरखालांकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं की चूक झाली, बाटल्यांची अदलाबदल झाली, विहीर बहुधा चांगली आहे.

त्या म्हणाल्या, "बहुधा?"

मी म्हटलं, "अमजद पुन्हा तपासणार आहे."

"मी या घरात आले तेव्हा सोळा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून हेच पानी पितेय. तुझ्या पायाचं हाड मोडलं होतं तेव्हा तू महिनाभर इथे पडून होतास, तूही हेच प्यालास. तू कागद घेऊन आलास. बस म्हणालास, ऐका म्हणालास. एकदा तरी मला विचारलंस का?"

 त्यांनी या वेळी चहा दिला नाही.

फळ्या काढायला गेलो तर काशिराम आडवा आला. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही सांगितलं वाईट, मी ऐकलं. आज सांगता चांगलं. उद्या तुमचा कागद पुन्हा फिरला तर माझी पोर मी कुणाकडे मागू?" त्याचं खोटं नाही. मी फळ्या तशाच ठेवल्या. पाणी उकळायचं मात्र घरोघर सांगितलं. निम्म्यांनी दारातूनच मान हलवली. माझ्या सांगण्याला आता किती किंमत आहे ते दिसतंय.

टाकीत तीन मासे आहेत. आश्चर्य म्हणजे ते आता धापा टाकत नाहीत. का, ते मला माहीत नाही, आणि अंदाज करायचा मी सोडला आहे.

महादेव


मुंबई, २४ मार्च १९५८

प्रिय महादेव,

हे पत्र सावकाश लिहितो आहे. तूही सावकाश वाच. साहेबांसमोर सगळ्या तपासण्या केल्या, दोनदा.

विहीर, म्हणजे ज्या बाटलीवर 'विहीर' लिहिलं आहे ती: अमोनिया नाही. नायट्राइट नाही. नायट्रेट आठ भाग. रोगजंतूंची तपासणी वेगळी करवली, तीही स्वच्छ आली. साहेबांनी सहीनिशी कागद दिला आहे, सोबत जोडला आहे. म्हणजे वास बरोबर होता. तरी असं काम मी पुन्हा नाकावर सोपवणार नाही.

तळं: अमोनिया एक भाग, जंतू आहेत. तीन आठवडे आळीतली माणसं चांगलं पाणी सोडून हे पीत होती. कोणी आजारी पडलं नसेल तर ते आपलं दैव. उकळल्याशिवाय एक थेंब पिऊ नये.

टाकी: इथे माझंच डोकं पुन्हा फिरलं. अमोनिया चार भागांवरून अर्ध्या भागावर आला, मला आनंद झाला. मग नायट्राइटचं औषध टाकलं तर नळी गडद लाल झाली. एक वाईट वस्तू कमी होते आणि तिच्या जागी दुसरी वाईट वस्तू वाढते, हे काय? साहेबांना विचारलं. ते आधी मैलापाण्याच्या कामावर होते. त्यांनी खुर्ची ओढून बसवलं आणि सांगितलं.

मासे घाण करतात, त्यातून अमोनिया होतो. रेतीवर आणि खडीवर हळूहळू सूक्ष्म जंतू वस्ती करतात, चांगल्या जातीचे. एक जात अमोनिया खाऊन त्याचा नायट्राइट करते. तोही माशांना विषच. मग दुसरी जात येते, ती नायट्राइटचा नायट्रेट करते, आणि तो थोडा असला तर कोणाला त्रास नाही. पण दुसरी जात पहिलीनंतरच येते, आणि दोन्हींना वेळ लागतो. मैल्याच्या नव्या गाळणीला दीड-दोन महिने लागतात, तुझ्या टाकीलाही तेवढेच लागतील. तू नव्या, कोऱ्या खडीवर एकदम बारा मासे सोडलेस. एखाद-दुसऱ्याने सुरुवात करायची असते. विहिरीच्या भिंतीवर, मातीत या दोन्ही जाती शंभर वर्षं बसल्या आहेत, म्हणून तिथे नुसता नायट्रेट दिसतो.

तर आता टाकीत एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदल, विहिरीचं घाल. रेती धुऊ नकोस. खाणं चिमूटभर. मध्येच आकडे वाईट दिसतील तरी धीर सोडू नकोस.

अम्मीचं उत्तर आलं, फहमिदाच्या अक्षरात. एकच ओळ आहे. 'रोजे नीट चालले आहेत, तू जेवणाची आबाळ करू नकोस.' याचा अर्थ ती रागावली आहे की नाही, हे मला कुठलंही औषध टाकून कळत नाही. तुला काही कळलं तर लिही.

अमजद


पनवेल, १८ एप्रिल १९५८

प्रिय अमजद,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही होत नव्हतं आणि मला खोटं लिहायचं नव्हतं.

साहेबांचा सहीचा कागद घेऊन मी २६ तारखेला तुमच्या अंगणात आळीतल्या सगळ्यांना बोलावलं. कागद वाचला. मग सांगितलं की मागच्या वेळी हा माझा दोष होता, अमजदने टाकीचं लिहिलं होतं आणि मी विहिरीचं वाचलं, आणि या घरातल्या कोणालाही काही ठाऊक नव्हतं. शेवटचं वाक्य गुणाबाईकडे न बघता म्हणायचं ठरवलं होतं, पण बघितलं गेलं. काशिरामने आणि मी मिळून फळ्या काढल्या. भामाने पहिला हंडा भरला. मी तिथेच ओंजळ भरून प्यालो.

आणि कोणी आलं नाही. लोकांनी ऐकून घेतलं, माना डोलावल्या आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशीही भामा एकटीच. तिसऱ्या दिवशीही. रमजानचे दिवस, अंगणात एरवी किती वर्दळ असते. नूरखाला ओट्यावर बसून राहायच्या. मी एक दिवसाआड सकाळी शाळेआधी टाकीसाठी दोन बादल्या न्यायला जायचो. त्या माझ्याकडे पाहायच्या, बोलायच्या नाहीत. फहमिदा रहाट ओढायला मदत करायची, तीही बोलायची नाही. बारा दिवस असे गेले.

तेराव्या दिवशी मी पोचलो तर काशिरामची धाकटी रहाटाजवळ उभी होती आणि गुणाबाई बादली ओढत होती.  हंडा भरला तेव्हा नूरखाला ओट्यावरून उठल्या, आत गेल्या आणि पोरीच्या हातावर खजूर ठेवला. गुणाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि हंडा उचलला. दाराशी थांबून म्हणाली, "उद्या जरा लौकर येते, मग गर्दी नको." नूरखाला म्हणाल्या, "ये." आता सकाळी सात-आठ हंडे असतात. सगळे परतलेले नाहीत. दोन घरं अजून तळ्यावरून आणतात आणि उकळतात. त्यांना मी काही सांगायला जात नाही.

मुलीला जुलाब कशाने झाले होते, ते अखेर कोणालाच कळलं नाही.

भगवानबरोबर टाकीची नुसती बाटली पाठवली होती, तिचा तुझा दहा तारखेचा निकाल मिळाला. टाकी: अमोनिया शून्य, नायट्राइट अगदी नाममात्र, नायट्रेट वीस. तीन मासे चपळ आहेत. वर्गात मी मुलांना सांगितलं की टाकी पाणी शुद्ध करते हे मी चुकीचं शिकवलं होतं. मग साहेबांनी सांगितलेलं सगळं सांगायला लागलो आणि अर्ध्यात मला जाणवलं की टाकी पाणी शुद्ध करते हे पुरतं चुकीचंही नव्हतं. मुलं हसली. मीही गोंधळलो, पण या गोंधळाची भीती वाटली नाही.

काल संध्याकाळी इफ्तारनंतर नूरखालांनी मला बोलावलं. माझ्यासमोर चहा ठेवला. म्हणाल्या, "पोराचा नवा कागद आलाय म्हणे. वाच."

मी म्हटलं, "हा शाळेच्या टाकीचा आहे, खाला. विहिरीचा नाही."

"तेच आधी सांगितलंस ते बरं केलंस. आता वाच."

मी वाचलं. शून्य, नाममात्र, वीस. त्यांनी विचारलं, "वीस चांगले की वाईट? आपल्या विहिरीत तर आठच होते."

मी तोंड उघडलं. उत्तर जवळजवळ बाहेर पडलं होतं. मग म्हटलं, "मला नक्की माहीत नाही, खाला."

 त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "मग चहा पी. आणि त्याला विचार."

म्हणून विचारतो आहे. परवा ईदला येशील तेव्हा ओट्यावर बसून, त्यांच्यादेखत सांग.

तुझा,
महादेव